लेक मेगनची फॅन झालीय, काय करू?

प्रश्न : ताई, माझी मुलगी आठवीत आहे, १३ वर्षांची. बीटीएस या कोरियन बँडचं वेड होतं तोवर आम्हाला काही वाटलं नाही, पण त्यांच्या बटर गाण्याच्या रिमिक्समधे मेगन दी स्टॅलियन ही अमेरिकन रॅपर आहे, तिथून ही तिच्याकडे वळली आणि आता कपाटाच्या दारावर तिचा फोटो लागलाय. परवा मी तिच्या गाण्यांचे शब्द नेटवर शोधून वाचले तर नवऱ्याला वाचून दाखवायची सुद्धा लाज वाटली. मी म्हणलं, असली बाई तुझी आदर्श? तर म्हणते, आई तुला तिच्याबद्दल काहीच माहीत नाही. दोन दिवस धड बोलत नाहीये. अशा गायिका मुलींच्या रोल मॉडेल होऊ शकतात का? – एक आई, नाशिक

उत्तर : आधी लेकीचं ते वाक्य घेऊया, कारण ती खरं बोलतीय. तुम्ही शब्द वाचलेत, बाईची माहिती नाही काढलीत. तर मी सांगते.

मेगन टेक्सासमधल्या ह्यूस्टनची. आई स्वतः रॅप करायची, लहानपणी ही आईच्या मागे मागे स्टुडिओत जायची. मार्च २०१९ मधे ब्रेन ट्यूमरने आई गेली आणि त्याच महिन्यात आजी पण गेली. तेव्हा मेगनचं नाव नुकतंच होत होतं, शो, पैसा सगळं सुरू झालं होतं, कॉलेज सोडलं असतं तर कोणी विचारलंही नसतं. पण आईला आणि आजीला ती पदवीधर झालेली बघायची होती म्हणून टूर करत करत तिने अभ्यास चालू ठेवला आणि डिसेंबर २०२१ मधे टेक्सास सदर्न युनिव्हर्सिटीतून हेल्थ अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची डिग्री घेतली, तोवर तिच्याकडे ग्रॅमी सुद्धा आलेल्या होत्या. वृद्धांची काळजी घेणारी सेंटर काढायची आणि आपल्या कॉलेजच्या मुलामुलींना तिथे नोकऱ्या द्यायच्या, असं ती बोलून दाखवायची. तुमच्या लेकीला हे सगळं पाठ असणार, विचारून बघा.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते खरी महत्त्वाची हीच. जुलै २०२० मधे लॉस एंजेलिसमधे एका पार्टीवरून परत येताना टोरी लेनेझ या गायकाने तिच्यावर गोळ्या झाडल्या, पायाला लागल्या, ऑपरेशन करावं लागलं. त्यानंतर दोन-अडीच वर्षं लोक तिलाच खोटारडी म्हणत होते, इंटरनेटवर थट्टा चालली होती, कोणाबरोबर झोपलीस ह्याचीच चर्चा जास्त. तरी डिसेंबर २०२२ मधे ती कोर्टात उभी राहिली आणि साक्ष दिली, त्याला दोषी ठरवलं गेलं आणि ऑगस्ट २०२३ मधे १० वर्षांची शिक्षा झाली.

म्हणून तुमचा "असली बाई" हा शब्द मला टोचला. रागावू नका, तुम्ही काळजीनेच बोललात हे कळतंय मला. पण १३ वर्षांच्या मुलीला त्यातून काय ऐकू जातं बघा, की जी बाई शरीराबद्दल मोकळं बोलते ती आईच्या नजरेत आधीच उतरलेली आहे. मग उद्या कोणी हिला बसमधे हात लावला, क्लासच्या बाहेर त्रास दिला, तर ती तुमच्याकडे येताना दहा वेळा विचार करेल की आई आधी माझे कपडे बघेल का, माझ्या फोनमधली गाणी बघेल का. हे होऊ द्यायचं नसेल तर तो एक शब्द मागे घ्या. सरळ जाऊन म्हणा की मी चुकीचं बोलले.

हे आपल्याला नवीन पण नाहीये. राम जोशींपासून शृंगाराच्या लावण्या आपल्याकडे आहेत, त्यातल्या काहींचा अर्थ नीट समजावून सांगायची वेळ आली तर तुम्ही आम्ही विषय बदलू. आपल्या लोकांनी लावणीला फेटे उडवले आणि ती गाणाऱ्या बाईला मात्र घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं. यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली ती २०१२ साली, तोवर त्या पंच्याण्णवीच्या पुढे होत्या. गाणं पाहिजे पण बाई नको, हे आपण खूप वर्षं केलंय.

मग गाणी ऐकू द्यायची का? नाही, सगळी नाही, आणि इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. मेगन आणि कार्डी बी ही दुसरी रॅपर यांचं २०२० मधलं एकत्र गाणं मोठ्यांसाठीच आहे, १३ वर्षांच्या मुलीला त्यातलं निम्मं कळणार नाही आणि जे कळेल ते अर्धवट कळेल. कार्डी बीनेच हे सांगितलंय. तिची छोटी मुलगी खोलीत आली तेव्हा तिने घाईघाईने ते गाणं बंद केलं, त्यावरून लोकांनी तिला धरलं, तर ती म्हणाली की मी लहान मुलांसाठी गाणी करत नाही. तेव्हा फोटो राहू दे, डिग्री आणि कोर्टाबद्दल भरपूर बोला, आणि ही ठराविक गाणी मोठी झाल्यावर, एवढं स्पष्ट सांगा. कारण पण सांगा. नुसतं "घाण आहे" म्हणलं की मुलं तेच आधी ऐकतात.

आणि हो, माझं उत्तर "होऊ शकतात" असंच आहे, पण प्रत्येकीला वेगळं तपासून. कार्डी बीचंच घ्या. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात जानेवारी २०२२ मधे आग लागून १७ माणसं गेली तेव्हा त्यांच्या अंत्यविधीचा खर्च तिने उचलला, मला त्याचं खूप कौतुक आहे. पण स्ट्रिपर असताना पुरुषांना गुंगीचं औषध देऊन लुटल्याचं तिने स्वतः सांगितलेलं आहे, ते मी माफ करू शकत नाही. गाण्यात काय बोलते ह्यापेक्षा हे कितीतरी वाईट.

प्रश्न : मी १७ वर्षांचा आहे, एमिनेम हा रॅपर ऐकतो. बाबा म्हणतात शिवीगाळ ऐकून तू तसाच होशील. तो माझा आदर्श आहे, व्यसन सोडलंय त्याने. – एक वाचक, सांगली

उत्तर : व्यसनाचं खरंय. गोळ्यांच्या ओव्हरडोसमुळे २००७ च्या शेवटी तो मरता मरता वाचला आणि एप्रिल २००८ पासून त्याने नशा सोडली ती सोडलीच, आणि शब्दांवरची त्याची मेहनत पण मानायलाच हवी. पण २००० सालच्या अल्बममधे त्याने खऱ्या बायकोचं नाव घेऊन तिला मारून टाकायचं गाणं केलंय, ते तू नुसतं ऱ्हिदम म्हणून ऐकतोस का? शिव्यांनी तू बिघडशील असं मला वाटत नाही. बायकोला मारणं हे गाणं ऐकता ऐकता साधं वाटायला लागलं तर मात्र मला भीती वाटते. बाबांशी शिव्यांवरून वाद घालण्यापेक्षा हे गाणं त्यांच्यासमोर काढ आणि तुला त्याबद्दल काय वाटतं ते सांग.

प्रश्न : नातवंडांच्या फोनवर काही गाण्यांपुढे इंग्रजी ई अक्षर दिसतं, ते काय असतं? – एक आजोबा, रत्नागिरी

उत्तर : काका, त्या गाण्यात शिव्या किंवा उघड लैंगिक शब्द आहेत अशी ती खूण. हे सगळं सुरू झालं १९८५ च्या सुमारास. टिपर गोर या अमेरिकन आईने ११ वर्षांच्या मुलीसाठी प्रिन्स या गायकाचा अल्बम आणला, त्यातले शब्द ऐकून त्या हादरल्या, प्रकरण थेट अमेरिकेच्या संसदेत, सिनेटपर्यंत गेलं आणि मग कॅसेटवर पालकांसाठी सूचना छापायला लागले. स्पॉटिफाय या गाण्यांच्या अ‍ॅपमधे सेटिंगला जाऊन ही ई वाली गाणी बंद करता येतात, फॅमिली प्लॅन असेल तर तो ज्याच्या नावावर आहे त्याला मुलांच्या अकाउंटवर पण बंद करता येतात. मात्र ही खूण फक्त शब्दांची असते. एकही शिवी नसलेलं पण मुलीने नाही म्हणलं तरी तिच्या मागे मागे जायला शिकवणारं गाणं असलं तर त्यापुढे काहीच दिसणार नाही, ते तुम्हालाच शेजारी बसून ऐकावं लागेल.