ऑस्टिनला येताय? मुलीच्या शाळेबद्दल थोडं

तुम्ही विचारलंय, की नवऱ्याची बदली ऑस्टिनला होतेय, मुलगी दुसरीत आहे, तिला तिथे रुळायला किती वेळ लागेल? व्हिसा, विमा, घरभाडं याची माहिती सरकारी साइटवर नि कंपनीच्या एचआरकडे मिळेल, त्यात मी शिरत नाही. पण 'रुळायला' हा शब्द वाचला आणि रात्री झोप आली नाही, म्हणून लिहितेय.

आम्ही २०१३मध्ये चिंचवडहून आलो, मुलगा ७ वर्षांचा होता. टेक्ससमध्ये शाळेत नाव घालताना एक कागद भरून घेतात. घरात बहुतेक वेळ कोणती भाषा बोलतात? मूल कोणती बोलतं? मी दोन्हीकडे 'मराठी' लिहिलं, खरंच होतं ते. त्यावरून त्याची इंग्रजीची चाचणी लागली. इंग्रजी माध्यमातला पोरगा, पण समोर अनोळखी बाई बघून तोंडच उघडेना. मग दोन वर्षं रोज त्याला भर वर्गातून उठवून दुसऱ्या खोलीत इंग्रजी शिकवायला न्यायचे. पुन्हा चाचणी घ्या म्हणून मी तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा एकच उत्तर, वर्षअखेरीला बघू. पालकांनी लेखी नकार दिला तर त्या वर्गात घालता येत नाही, फक्त दरवर्षीची परीक्षा द्यावी लागते, हे मला फार उशिरा कळलं. तुम्ही आधीच विचारून घ्या. माझा तो राग अजून गेलेला नाही.

त्या रोजच्या उठून जाण्यावरून मुलं त्याला 'विअर्ड' म्हणायला लागली. मेतकूट-भात हाताने खातो म्हणून विअर्ड, बे एके बे पुटपुटत गणितं करतो म्हणून विअर्ड. घरी येऊन म्हणाला, "आई, विअर्ड म्हणजे काय गं?" मला सांगता येईना. विचित्र? चक्रम? जगावेगळा? म्हटलं, "लक्ष नको देऊ." आणि दुसऱ्या दिवसापासून डब्यात सँडविच.

हे त्या गावात, जिथे 'कीप ऑस्टिन विअर्ड' छापलेले टी-शर्ट दुकानोदुकानी टांगलेले असतात! २०००मध्ये इथल्या एका कॉलेजातले ग्रंथपाल रेड वॉसेनिक रेडिओवर फोन करून ते बोलले, मग त्यांनी स्टिकर छापले, आणि पुढे छोट्या स्थानिक दुकानदारांनी ती घोषणा उचलली.

मुलाने मोठा झाल्यावर तो शब्द स्वतःहून घेतला, लॅपटॉपवर तेच स्टिकर लावलं. मग २०२४चा जुलै आला. मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ टीव्हीवर अध्यक्षपदाचे उमेदवार ट्रम्प आणि त्यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार व्हॅन्स यांना 'विअर्ड' म्हणाले आणि तो शब्द प्रचारभर गाजला. ट्रम्प म्हणाले, विअर्ड तेच आहेत. वॉल्झचा मुद्दा मला पटत होता. लोकांच्या दवाखान्यात, पुस्तकांच्या कपाटात सरकारने नाक खुपसू नये. मी हसलेसुद्धा. मुलगा ओट्याशी पोळी खात उभा होता. म्हणाला, "तो माणूस शाळेत शिक्षक होता ना? त्याला तरी कळायला हवं होतं." पोळी तशीच ताटलीत ठेवून वर गेला. मला अजून वाटतं की शब्द नेमका होता, आणि पोराचंही बरोबर होतं. माझ्याने यातलं एक सोडवत नाही.

त्या निवडणुकीत आमच्या घरात एकालाही मत नव्हतं. नवऱ्याचं ग्रीन कार्ड रांगेत आहे, आणि २१ पूर्ण झाल्यावर मुलगा आमच्या व्हिसातून बाहेर पडतो. घरातली एकुलती एक अमेरिकन नागरिक म्हणजे इथे जन्मलेली धाकटी, तेव्हा ९ वर्षांची.

एकटेपणाचं विचारलंत. येतो आणि जातो, माणसं भेटतात.

धाकटीचं मात्र सांगायलाच हवं. २०२०मध्ये तिला शाळेत घालताना तोच कागद समोर आला. मी दोन्ही रकान्यांत 'इंग्रजी' लिहिलं, आणि मग घरही तसंच होत गेलं. तिला कोणी कधी वर्गातून उठवलं नाही. आजीचा फोन आला की ती "हाय आजी" म्हणते आणि फोन माझ्या हातात देते.

तुम्ही काय लिहावं, हे मला सांगता येणार नाही. येताना मेतकूट भरपूर आणा. ते डब्यात हवंय का, हे मुलीला विचारा. मी त्याला विचारलं नव्हतं.