विणलेल्या बुटाला माया नसते

वाचकांचे प्रश्न : धावताना

प्रश्न : नमस्कार ताई. वय ४७, राहणार सांगली. रोज सकाळी सात-आठ किलोमीटर धावतो. दोन महिन्यांपूर्वी विणलेले बूट ऑनलाइन मागवले, नेहमीच्याच नंबरचे. घरात घालून पाहिले तेव्हा मोज्यासारखे मऊ वाटले. पण पाचव्या किलोमीटरनंतर उजवी करंगळी आवळते आणि डावी टाच प्रत्येक पावलाला आतल्या आत वर निसटते. परत करायची मुदत संपली आहे. मित्र म्हणतो, गरम पाण्यात भिजवून पायात घाल, सैल होतील. घरचे म्हणतात, करंगळीपाशी ब्लेडने चीर द्या. काय करू?

उत्तर : आज यातलं काहीच करू नका. ब्लेड तर हातातही घेऊ नका.

मी साताऱ्यात बावीस वर्षं ब्लाउज शिवले, धावायला लागले चव्वेचाळिसाव्या वर्षी. त्यामुळे बुटाकडे मी शिवणाऱ्या बाईच्या नजरेने बघते. ब्लाउज शिवताना आपण आत माया ठेवतो, म्हणजे शिवणीच्या आत थोडं जादा कापड. वर्षभराने अंग भरलं की शिवण उसवायची, माया सोडायची, ब्लाउज पुन्हा अंगाला येतो. जुन्या पद्धतीचे बूट जाळीचे आणि रेक्झिनचे तुकडे जोडून शिवलेले असायचे, त्यांना निदान शिवणी तरी होत्या. २०१२ साली नाइकीने फ्लायनिट आणि आदिदासने प्राइमनिट बाजारात आणलं, आणि बुटाचा वरचा भाग जवळजवळ अखंड विणून यायला लागला. हलका, हवेशीर, कापड कमी वाया जाणारा. पण त्यात माया नाही. उसवायला शिवणच नाही. म्हणून असा बूट घरी सुधारायचा तर कापडाला हात सगळ्यांत शेवटी लावायचा.

तुमचा बूट एकाच वेळी घट्टही आहे आणि सैलही. एक नंबर मोठा घेतला असता तर करंगळी सुटली असती, टाच मात्र आणखी निसटली असती. तेव्हा आधी पाय मोजा. संध्याकाळी मोजा, दिवसभरात पाय थोडा सुजतो. भिंतीला टाच लावून कागदावर सगळं वजन देऊन उभे राहा आणि दुसऱ्या कोणाला तरी पेन्सिल अगदी उभी धरून रेघ मारायला सांगा. आपण स्वतः वाकलो की पाय हलतो. दोन्ही पाय वेगळे काढा. माझा डावा २४३ मिलिमीटर, उजवा २४८. चाळीस वर्षं मला हे माहीतच नव्हतं. मग बुटातला सुटा तळ, म्हणजे इनसोल, बाहेर काढा आणि अनवाणी त्याच्यावर उभे राहा. सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटीमीटर मोकळं हवं. करंगळी इनसोलच्या काठाबाहेर किती लोंबते ते पेनने खूण करून ठेवा. ती दोन-तीन मिलिमीटर बाहेर असेल तर बूट वाचवता येतो. अर्धी करंगळी बाहेर असेल तर तो बूट तुमचा नाही. घरात ज्याच्या पायाला बसेल त्याला देऊन टाका.

आता मित्राच्या गरम पाण्याबद्दल. मराठीत मागावरचं विणणं आणि सुयांवरचं विणणं, दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो, त्यामुळे घोटाळा होतो. मागावर उभे-आडवे धागे असतात. सुयांवर एका धाग्याच्या फासात दुसरा फास ओवलेला असतो, म्हणून ते ताणतं आणि सोडलं की परत येतं. स्वेटरच्या बॉर्डरला एक सुलट एक उलट घातला की ती आवळून धरते आणि अंगाची साधी वीण सैल राहते. बुटात यंत्र तेच करतं, कुठे दाट, कुठे जाळीदार. काही बुटांत उष्णतेने वितळणारा धागाही मिसळलेला असतो. कारखान्यात तापवल्यावर तेवढा भाग कडक आणि किंचित चकचकीत होतो. हात बुटात घाला, खिडकीसमोर धरा, आतून बोटांनी ताणून बघा. उजेड जिथून येतो तो भाग ताणतो. जिथून येत नाही तो ताणणार नाही. तुमची करंगळी बहुधा अशाच दाट पट्टीखाली आली आहे.

लोकरीचा स्वेटर ओला करून, टाचण्या लावून वाळवला की त्या मापाला बसतो. कातड्याचा बूट फरम्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर, चढवून ठेवला की सैल होतो. हे बूट बहुतेक पॉलिएस्टरच्या धाग्याचे, आणि पॉलिएस्टर असं ऐकत नाही. ओलं असताना ताणलं तरी वाळल्यावर जवळजवळ जिथल्या तिथे येतं. ते कायमचं सैल व्हावं इतकी आच दिली तर त्याच्या बऱ्याच आधी तळाचा फोम आकसेल आणि गोंद सुटेल. हेअर ड्रायरही नको, उन्हात बंद गाडीत ठेवणंही नको.

मग करायचं काय? लेस. बूट पायाला धरून ठेवतो तो मुख्यतः लेसने आणि टाचेच्या वाटीने, म्हणजे टाचेमागच्या कडक भागाने, विणलेलं कापड त्या दोघांच्या मधे फक्त पसरलेलं असतं. उजव्या बुटाची लेस पूर्ण काढा. पुन्हा ओवताना करंगळीच्या सांध्याच्या ओळीत फुली घालू नका. दोन्ही बाजूंची लेस तिथे सरळ वर न्या आणि वरच्या भोकापासून पुन्हा फुल्या सुरू करा. त्या एका ओळीतला ताण निघून जातो आणि वीण बाजूला पसरायला मोकळी होते.

डाव्या टाचेसाठी घोट्याजवळचं ते जादा भोक वापरा, जे बहुतेक जण रिकामं सोडतात. लेस नेहमीच्या शेवटच्या भोकातून बाहेर आली की पलीकडे न नेता त्याच बाजूच्या जादा भोकात बाहेरून आत घाला आणि अंगठा मावेल एवढा फास बाहेर ठेवा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. आता उजवं टोक डाव्या फासातून, डावं उजव्या फासातून. टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवा. मग दोन्ही टोकं वर नाही, खाली आणि मागे, टाचेच्या दिशेने ओढा. फास आवळले की नेहमीची गाठ मारा. बूट घोट्याखाली घट्ट मिठी मारतो आणि चवड्यावर मात्र सैल राहतो.

एवढं करून चार दिवस धावा. तरी करंगळी बोलत असेल तर इनसोलकडे वळा. पाच मिलिमीटरचा इनसोल काढून तीनचा घातला की पाय खाली बसतो आणि वरून जागा मिळते. करंगळीखालचा इनसोलचा काठ, तुम्ही खूण केली होती तिथे, कात्रीने दोन मिलिमीटर तासला तरी बोट जरा खाली उतरतं. बिघडला तर नवा इनसोल मिळतो, बूट शाबूत राहतो.

टाच तरीही निसटली तर आतून दोन उश्या शिवा. टाचेच्या वर जी जाड शीर लागते तिच्या बरोबर मागे कधीही गादी लावू नका. तिथे दाब बसला की ती शीर दुखावते आणि महिनोन्‌महिने छळते. तिच्या दोन्ही बाजूंना, घोट्याच्या हाडाखाली, खळगा असतो. उशी तिथे हवी. तीन मिलिमीटर जाडीचं फेल्ट, चार सेंटीमीटर लांब, बदामाच्या आकाराचं, कडा कात्रीने उतरत्या केलेलं. त्यावर जुन्या मोज्याचं कापड चढवा. सुई होजिअरीची घ्या, गोल टोकाची. ती धाग्याला भोसकत नाही, दोन फासांमधून सरकते. टोकदार सुईने धागा तुटला की टाका गळतो आणि तिथून वीण सुटत जाते. पॉलिएस्टरचा दोरा, फक्त अस्तराला धरून सैलसर तुरपाई, आणि गाठ उशीच्या खाली दडवायची. त्वचेकडे आलेली गाठ दहा किलोमीटरनंतर खिळ्यासारखी लागते. चिकटवण्याच्या भानगडीत पडू नका. झटपट चिकटणारा गोंद वाळून काचेसारखा कडक होतो.

आता चीर. एवढं सगळं करून, महिनाभर थांबून, तरीही करंगळी आवळत असेल तरच. मी स्वतः पहिल्यांदा चीर दिली तेव्हा कडा उसवू नयेत म्हणून पेटत्या उदबत्तीने वितळवून घेतल्या. दिसायला सुबक झाल्या. पॉलिएस्टर वितळून गार झालं की त्याचे मोहरीएवढे कडक मणी होतात, हे मला चौदाव्या किलोमीटरला कळलं. मोजा काढला तेव्हा करंगळीची बाजू सोलून निघाली होती, आणि पुढचे तीन आठवडे मी धावू शकले नाही. म्हणून आता मी चीर काजासारखी करते. आधी शिवायचं, मग कापायचं.

धावून आल्याबरोबर, बूट पायात असतानाच, करंगळी जिथे टोचते तिथे शिंप्याच्या खडूने रेघ मारा. रेघ टाचेकडून बोटांकडे, म्हणजे बुटाच्या लांबीच्या दिशेने. उभी चीर रुंदीला उघडते. आडवी दिलीत तर पाऊल वाकताना फाटत जाईल. लांबी दोन सेंटीमीटरच्या आत. रेघेभोवती चार मिलिमीटर सोडून बारीक धावदोऱ्याचे दोन वेढे घाला. मग टोकदार कात्रीने मधोमध कापा आणि कडेने काजाचे टाके घाला, फार ओढून नाही, नाहीतर भोक पुन्हा आवळेल. आतून जुन्या लायक्राच्या टाइट्सचा तुकडा लावला तर खडे आत येत नाहीत. चकचकीत कडक पट्टी, लेसला ताण देणाऱ्या दोऱ्या, पुढचा रबराचा ओठ आणि टाचेची वाटी यांना हात लावायचा नाही. त्यांच्यावर बुटाचा तोल असतो.

आणि घरी असले उद्योग करण्यात कमीपणा मानू नका. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन आपल्या धावपटूंसाठी स्वतः बूट बनवायचे, आणि १९७१ साली त्यांनी स्वयंपाकघरातल्या वॉफलच्या साच्यात रबर ओतून तळ करून पाहिला होता. साचा वाया गेला, पण त्या चौकोनी खाचांचे तळ पुढे जगभर धावले.

प्रश्न : ताई, मी चिपळूणची. पावसात विणलेले बूट दहा मिनिटांत ओले होतात आणि मग पाय आत घसरतो. वाळायलाही दोन दिवस. काही लेप मारता येईल का?

उत्तर : लेप नको. पाणी वरून नाही आलं तरी घोट्यातून येणारच, आणि लेप लावलेल्या बुटातून ते बाहेर जायला वाटही उरणार नाही. पॉलिएस्टरचा धागा स्वतः पाणी फारसं पीत नाही. पाणी साठतं ते फासांच्या मधे आणि टाचेच्या मऊ गादीत. ओल्या दिवशी सुती मोजे अजिबात घालू नका, पातळ सिंथेटिक घाला. पहिला किलोमीटर झाला की थांबून लेस एकदा आवळा. घरी आल्यावर इनसोल बाहेर काढून वेगळा वाळवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला. पहिले बोळे चिंब निघतील. मग पंख्याखाली, जीभ बाहेर ओढून, बूट भिंतीला उभे टेकवून ठेवा. चुलीजवळ किंवा फ्रिजमागे नको. कोकणातल्या पावसाळ्यात दोन जोड आलटून पालटून वापरणं हाच खरा इलाज. जुना जोड त्यासाठी जपून ठेवा.

प्रश्न : वय ६१, नागपूर. पंधरा वर्षं मधुमेह आहे, तळव्याला मुंग्या येतात. तुमच्यासारखी आतून उशी शिवून घेतली तर चालेल का?

उत्तर : नाही दादा, तुम्ही हे करू नका. ज्या पायाला टोचलेलं नीट कळत नाही, त्या पायाच्या बुटात एकही घरगुती टाका नसावा. मला करंगळी सोललेली कळली म्हणून मी थांबले. तुम्हाला ती कळली नाही तर जखम दोन दिवस तशीच राहील. आधी डॉक्टरांना पाय दाखवा, बूट आणि इनसोल त्यांच्या सल्ल्याने घ्या. रोज बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवा, खडा, गाठ, दुमडलेलं अस्तर काही आहे का बघा, आणि संध्याकाळी आरशावर पाय धरून तळवा तपासा. घरात कोणी असेल तर त्यांना बघायला सांगा.

प्रश्न : ताई, सातारा हिल हाफ मॅरेथॉन केली. बूट मापाचे आहेत, पण उतरताना दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली. पुढच्या वर्षी अर्धा नंबर मोठा घेऊ का?

उत्तर : ही वाट माझ्या रोजच्या पायाखालची आहे. निम्मं अंतर यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तेवढंच उतरायचं. चढताना पाय टाचेवर बसतो, म्हणून बूट बरोबर वाटतो. उतरताना तोच पाय पुढे सरकून प्रत्येक पावलाला बुटाच्या टोकावर आदळतो. विणलेला बूट ताणणारा, तो पायाला कातड्यासारखा अडवत नाही. अंगठ्यापुढे एक सेंटीमीटर जागा असेल तर नंबर बदलू नका. नखं आठवडाभर आधी सरळ कापा, कोपरे कोरू नका. आणि सांगलीच्या वाचकांना वर सांगितलेली टाचेची गाठ शिका, पण ती घरून निघताना मारू नका. एवढ्या चढावर ती पायाची वरची बाजू दाबते. वर पोचून परतीचं वळण घेतलं की कडेला व्हा, टाच मागे आपटा आणि तेव्हा बांधा. पावसात बोटं गारठलेली असतात, लेस ओली असते, पाच बोटांचं काम दोन बोटांनी होत नाही. म्हणून मी आदल्या दिवशी जादा भोकातले दोन्ही फास आधीच ओवून सैल सोडून ठेवते. वर पोचल्यावर फक्त टोकं ओढायची आणि गाठ मारायची.