पंचगंगेचे फूट आणि आपला उंबरा

प्रश्न : आम्ही कोल्हापूरच्या शाहूपुरीतील कुंभार गल्लीत राहतो. पावसाळ्यात मोबाईलवर ‘पंचगंगा ४१ फूट’, ‘राधानगरीचे दोन दरवाजे उघडले’ असे संदेश सतत येतात. परंतु आमच्या दारात पाणी कधी येईल, हे त्यावरून कसे ओळखावे?

उत्तर : आपली अडचण रास्त आहे, कारण तो आकडा आपल्या गल्लीचा नसतोच. तो राजाराम बंधाऱ्यावरील मोजपट्टीचा असतो आणि तेथे ३९ फूट ही इशारा पातळी, तर ४३ फूट ही धोका पातळी मानली जाते. या पट्टीचे नाते प्रत्येकाने आपल्या उंबऱ्याशी एकदा जोडून ठेवावे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत तेथील पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. त्या पुराची खूण आपल्या भिंतीवर उंबऱ्यापासून सहा फुटांवर असेल, तर साधारण ४९ फुटांना पाणी उंबऱ्याला लागते, असे धरता येईल. हा हिशेब ढोबळच आहे. शिवाय घरात पाणी शिरण्याआधी बाहेर पडण्याचा रस्ता बंद होतो, म्हणून निघण्याची पातळी त्याहून दोन-तीन फूट खालची धरावी. (संदेशात ‘४१.५’ असे असेल, तर ते ४१ फूट ५ इंच की साडेएकेचाळीस, हेही विचारून घ्यावे.)

राधानगरी धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव भरला की ते आपोआप उघडतात. त्या एका बातमीने घाबरू नये, पण ती आली नाही म्हणून निर्धास्तही राहू नये, कारण कुंभी आणि कासारी या नद्यांचे पाणीही पंचगंगेतच येते.

खरे तर हा हिशेब नागरिकांवर सोडणेच योग्य नाही. ‘अमुक फुटांना अमुक गल्ली’ असा फलक चौकाचौकांत लावता येण्यासारखा आहे.

प्रश्न : आमचा प्लॉट लाल रेषेलगत (शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो, ती नकाशावरील पूररेषा) आहे. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर नुकताच येऊन गेला, मग आता भीती कसली?

उत्तर : त्या शब्दांचा अर्थ एवढाच, की तेवढा पूर येण्याची शक्यता दरवर्षी शंभरात एक असते, मागच्या वर्षी आला म्हणून ती कमी होत नाही. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात ती सुमारे २६ टक्के होते. प्लॉट रेषेच्या नेमका कोणत्या बाजूला आहे, हे बांधकामापूर्वी लेखी मागून घ्यावे.