‘अंक आवडला’ याच्या पुढे काय लिहावे?

विज्ञानकथेच्या चाहत्यांनी पदरमोड करून काढलेल्या हौशी अंकांविषयी या सदरात गेल्या महिन्यात लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील बहुतेक प्रश्न वाचकांच्या अभिप्रायाविषयीच आहेत, म्हणून या वेळची सगळी जागा त्यालाच दिली आहे.

प्रश्न : आम्ही तिघे मित्र विज्ञानकथांना वाहिलेला एक छोटा अंक काढतो. आतापर्यंत तीन अंक झाले आणि प्रत्येकाच्या साठ प्रती विनामूल्य पाठवल्या. उत्तरे आली ती अशी : ‘अंक मिळाला, आवडला, उपक्रम स्तुत्य आहे, शुभेच्छा.’ चौथा अंक काढावा का?

उत्तर : काढावा, पण त्याआधी तिसऱ्या अंकाची प्रत परक्या माणसाच्या नजरेने एकदा वाचून पाहावी. आपण सोबत पाठवलेली प्रत आम्ही वाचली. तिच्यात कुठेही ‘आम्हांला पत्र लिहा’ असे म्हटलेले नाही, आणि आधीच्या अंकांवर आलेले एकही पत्र छापलेले नाही. ज्या अंकात पत्रांना जागाच दिसत नाही, त्याला वाचक पोच देतो आणि विषय संपवतो.

अमेरिका आणि इंग्लंडमधील हौशी अंकांत पहिल्याच पानावर एक ओळ असे : हा अंक ‘नेहमीच्या’ मोबदल्यात मिळेल. हा नेहमीचा मोबदला म्हणजे स्वतः काढत असलेल्या अंकाची प्रत, अंकासाठी एखादा लेख वा चित्र, किंवा अभिप्रायाचे सविस्तर पत्र. काही संपादक पैसेही घेत, पण बरेच जण पत्राला अधिक मोल देत. अंक फुकट वाटणे आणि पत्राच्या बदल्यात देणे यांत खर्चाच्या दृष्टीने काहीच फरक नाही. वाचकाच्या मनात मात्र मोठा फरक पडतो, कारण दुसऱ्या व्यवहारात त्याच्याकडे काहीतरी देणे राहते.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगतो. आपले संपादकीय चांगले आहे, पण ते इतके सर्वसंमत आहे की वाचकाला मान डोलावण्यावाचून काही करता येत नाही. ‘विज्ञानकथेने वैज्ञानिक दृष्टिकोन रुजवावा’ यावर कोण कशाला वाद घालील? त्याऐवजी आपल्या तिघांपैकी एकाला एखादी कथा पटली नसेल तर त्याने तसे सही करून लिहावे. संपादकांतच मतभेद आहेत म्हटल्यावर पत्रे येतील.

प्रश्न : मला असा एक अंक नियमित येतो आणि संपादक अभिप्राय मागतात. मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. विज्ञानातले फारसे कळत नसताना मी काय लिहिणार?

उत्तर : आपल्यासारखा संकोच अनेकींनी आणि अनेकांनी कळवला आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

अभिप्रायाचे पत्र म्हणजे परीक्षण नव्हे. अंकातील प्रत्येक कथेवर दोन-दोन ओळी लिहून शेवटी मुखपृष्ठाचे कौतुक करण्याची पद्धत शाळेच्या उत्तरपत्रिकेतून आली असावी; अशी पत्रे संपादक कृतज्ञतेने वाचतात आणि बाजूला ठेवतात. अंक वाचताना जिथे आपण थबकलो, हसलो किंवा अडखळलो तिथे पेन्सिलने खूण करावी आणि त्यांतल्या एक-दोन खुणांवरच लिहावे. आपले पत्र वाचून तिसऱ्या कोणाला तरी उत्तर द्यावेसे वाटले, तर ते अंकाच्या खऱ्या उपयोगाचे.

गणित येणारा वाचक काय करतो ते पाहा. समजा, एका कथेतील चक्राकार अंतराळस्थानकाची त्रिज्या 50 मीटर आहे आणि ते मिनिटाला एक फेरी घेते. तो हिशेब मांडून दाखवतो की अशा चक्राच्या कडेला जाणवणारे वजन पृथ्वीवरच्या वजनाच्या जेमतेम अठराव्या भागाइतके असेल. पृथ्वीइतके हवे असेल तर चक्राला मिनिटाला चाराहून थोड्या अधिक फेऱ्या घ्याव्या लागतील, आणि तेवढ्या वेगात नुसती मान वळवली तरी अनेकांना गरगरेल. इथवरचे पत्र बरोबर आहे, पण रुक्ष आहे. तोच वाचक पुढे विचारतो, ‘मग आपली नायिका तिथले जिने चढून दमते ती कशी?’ आणि पत्र एकदम जिवंत होते.

आता आपल्याविषयी. मंगळावर गेलेल्या मुलाशी पृथ्वीवरची आई बोलते आहे आणि दोघे एकमेकांची वाक्ये तोडत भांडत आहेत, असा प्रसंग कथेत आला तर तो संभवत नाही, कारण मंगळ जवळ असो की दूर, संदेश एका बाजूने पोहोचायलाच सुमारे 3 ते 22 मिनिटे लागतात. एवढी माहिती कुठल्याही पुस्तकात मिळते. पण बोललेला कडू शब्द परत घेता येत नाही आणि त्याचे उत्तर यायला पाऊण तास थांबावे लागते, त्या पाऊण तासात आई काय करील, हे सांगायला भौतिकशास्त्र लागत नाही. शिवाय वाणिज्याची नजर विज्ञानकथेला हवीच आहे. दुसऱ्या ताऱ्याकडे शंभर वर्षांच्या प्रवासाला निघालेल्या यानातील लोकांच्या मागे राहिलेल्या ठेवींवर व्याज कोण देणार, आणि वारस कोण ठरवणार? असा प्रश्न विचारणारे पत्र आमच्याकडे आले, तर आम्ही ते पहिल्या पानावर छापू.

पत्रलेखन हेच ज्यांचे लेखन ठरले अशा एका गृहस्थांची आठवण इथे होते. अमेरिकेतील मेरीलँड राज्यातल्या हेगर्सटाउन गावचे हॅरी वॉर्नर हे व्यवसायाने वृत्तपत्रातले पत्रकार. संमेलनांना ते क्वचितच जात, पण हाती येणाऱ्या बहुतेक प्रत्येक हौशी अंकाला अनेक दशके पत्र लिहीत राहिले. त्यांनी स्वतः अंकही काढला आणि या चळवळीचा इतिहासही लिहिला, तरी चाहत्यांच्या मनात ते राहिले पत्रलेखक म्हणूनच. विज्ञानकथेच्या क्षेत्रात मानाचा समजला जाणारा ह्यूगो पुरस्कार, सर्वोत्तम हौशी लेखक म्हणून, त्यांना 1969 आणि 1972 असा दोनदा मिळाला.

प्रश्न : वाचकांच्या पत्रांना एवढे महत्त्व देण्याची प्रथा कुठून आली?

उत्तर : पत्रे आधी आणि अंक नंतर, असा हा क्रम आहे. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल 1926 मध्ये अमेरिकेत ‘अमेझिंग स्टोरीज’ हे निव्वळ विज्ञानकथांचे मासिक सुरू केले. त्यातील वाचकांच्या पत्रांखाली पत्रलेखकांचे पूर्ण पत्ते छापले जात. ते पाहून वाचक मासिकाला वगळून थेट एकमेकांना लिहू लागले, त्यातून मंडळे झाली, आणि मे 1930 मध्ये अशाच एका पत्रव्यवहार मंडळाने ‘द कॉमेट’ हा अंक काढला. तो पहिला हौशी विज्ञानकथा अंक मानला जातो. अशा अंकांना ‘फॅनझाइन’ हे नाव लुई रसेल शॉव्हने यांनी 1940 मध्ये दिले.

1937 मध्ये तर अशी एक संस्था निघाली की जिचे सभासद आपापला अंक स्वतः छापून सगळ्या प्रती एका संपादकाकडे पाठवत, आणि तो प्रत्येकाच्या अंकाची एकेक प्रत घालून केलेला गठ्ठा सगळ्यांना टपालाने रवाना करी. पुढच्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक अंकात मागच्या गठ्ठ्यावरचे अभिप्राय असत. काहींच्या अंकात त्यावाचून दुसरे काही नसे!

प्रती काढण्याच्या यंत्राचाही यात हात होता. जिलेटिनच्या थरावरून काढलेल्या प्रती पन्नासच्या आसपास जाताच फिकट होत. स्टेन्सिलवर, म्हणजे अक्षरे उमटवलेल्या मेणकागदातून शाई उतरवून, अधिक निघत, पण संपादकाला आलेले प्रत्येक पत्र स्वतः पुन्हा टंकलिखित करावे लागे. इतके श्रम घ्यायचे तर पत्र तसे हवे. म्हणून नुसत्या शुभेच्छांची पत्रे न छापता ‘यांचीही पत्रे मिळाली’ अशा एका ओळीत नावे देण्याची रीत पडली. ती आजही पाळण्यासारखी आहे : नाव छापल्याचा आनंद मिळतो आणि कागद वाचतो.

प्रश्न : आमच्या अंकातील कथेवर एका वाचकाने अतिशय कठोर पत्र पाठवले आहे. लेखक नवोदित आहे. पत्र छापावे का?

उत्तर : पत्र कथेविषयी असेल तर छापावे, लेखकाच्या वकुबाविषयी असेल तर तेवढा भाग गाळून छापावे आणि गाळल्याचे पत्रलेखकाला कळवावे. छापण्याआधी ते लेखकाला जरूर दाखवावे, आणि त्याला हवे असेल तर त्याचे उत्तर त्याच अंकात द्यावे.

कठोर वाचक लेखकाचा शत्रूच असतो असे नाही. लॅरी निव्हन यांच्या 1970 च्या ‘रिंगवर्ल्ड’ या कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीत नायक आपल्या वाढदिवसाचा दिवस अधिक तास टिकावा म्हणून पृथ्वीवर चुकीच्या दिशेने प्रवास करतो. पश्चिमेकडे जायला हवे तिथे तो पूर्वेकडे जातो. चूक पुढच्या आवृत्तीत सुधारली गेली. त्याहून मोठा आक्षेप 1971 च्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात आला. ताऱ्याभोवती कल्पिलेले ते प्रचंड कडे स्थिर राहूच शकत नाही, अशा घोषणा विद्यार्थ्यांनी तिथे दिल्या. निव्हन रुसून बसले नाहीत. आक्षेप मान्य करून त्यांनी दुसरी कादंबरी लिहिली आणि कडे जागेवर राखण्याची यंत्रणा तिच्यात आणली. आपल्या नवोदिताला हा प्रसंग सांगावा. त्याने तरीही नको म्हटले तर मात्र त्याचे ऐकावे. हौशी अंकात लेखकाला मानधन नसते, निदान एवढा अधिकार तरी असावा.

प्रश्न : पत्रांची काटछाट किती करावी? पत्ते छापावेत का?

उत्तर : पुनरुक्ती आणि खाजगी मजकूर काढावा, मत बदलू नये. पत्ते विचारल्याशिवाय छापू नयेत. 1926 ची गोष्ट वेगळी होती.

प्रश्न : एका हौशी अंकाची प्रत माझ्याकडे दोन वर्षांपासून पडून आहे. आता पत्र पाठवले तर हसे होईल का?

उत्तर : मुळीच नाही. त्रैमासिक म्हणून जाहीर केलेला अंक दीड वर्षाने काढणारे संपादक उशिराबद्दल कोणाला हसणार? फक्त अंकाचा क्रमांक, कथेचे नाव आणि पानाचा आकडा लिहावा, कारण तो मजकूर संपादक स्वतःच विसरले असण्याचा संभव आहे. आणि उशिराबद्दल माफी मागण्यात पहिले अर्धे पान घालवू नये. छापताना ते तसेही कापले जाते.