अर्ली अ‍ॅक्सेस : आगाऊ, कच्ची की हुरड्यातली?

प्रश्न : एका नव्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. सिस्टीम अजून तयार होते आहे, पण ज्यांना हवी त्यांना आत्ताच उतरवून घेता येते. मूळ मजकुरात याला ‘अर्ली अ‍ॅक्सेस रिलीज’ म्हटलंय. मी लिहिलं, ‘विकासाधीन कार्यप्रणालीच्या प्रारंभिक प्रवेश आवृत्त्या’. घरी वाचून दाखवलं तर मुलगा म्हणाला, “अकरावीचे प्रवेश सुरू झाले का?” दुसरा शब्द सुचवाल का? आणि बीटा ‘आला’, ‘आली’ की ‘आलं’, तेही सांगा.

उत्तर : मुलाचं बरोबर आहे. मराठीत ‘प्रवेश’ म्हटलं की शाळा-कॉलेज आठवतं, नाहीतर नाटकाचा दुसरा अंक, पहिला प्रवेश, नाहीतर फाटकावरची ‘प्रवेश बंद’ ही पाटी. सॉफ्टवेअरमध्ये आपण प्रवेश करत नाही, ते आपल्याला वापरायला मिळतं. अ‍ॅक्सेससाठी नाम शोधत बसलं की हमखास फसायला होतं. ‘मिळणं’ या साध्या क्रियापदाने बहुतेक ठिकाणी काम भागतं.

पण शब्द शोधण्याआधी मूळ इंग्रजी जोडशब्दाने काय केलंय ते बघू. अशा आवृत्तीबद्दल सांगण्यासारखं बरंच असतं. ती वेळेआधी दिली आहे, ती तपासून घेण्यासाठी दिली आहे आणि ती अपुरी आहे. ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ यातलं फक्त पहिलं सांगतो, तेही ‘इतरांना मिळायच्या आधी तुम्हाला मिळतंय हो’ अशा थाटात. वस्तू कोणत्या अवस्थेत आहे, याबद्दल चकार शब्द नाही. हा दुकानाच्या दर्शनी बाजूचा शब्द आहे. कारखान्यात त्याच वस्तूला आल्फा (अगदी सुरुवातीची), बीटा (तिच्या पुढची, बरीचशी घडलेली), प्रिव्ह्यू (आधीची झलक), नाइटली (रोज रात्री नव्याने बनणारी) अशी नावं असतात.

हा थाट नवा नाही. अ‍ॅपलने १३ सप्टेंबर २००० रोजी मॅक ओएस टेनची ‘पब्लिक बीटा’ काढली आणि चक्क २९.९५ डॉलरना विकली. अपुरी वस्तू, वर पैसे, आणि शिवाय तिला मुदत : मे २००१ च्या मध्यावर ती चालेनाशी होणार. पक्की आवृत्ती २४ मार्च २००१ ला १२९ डॉलरना आली, तेव्हा बीटा घेतलेल्यांना ३० डॉलरची सूट मिळाली, म्हणजे हिशेब मिटला. तरी लोकांनी आपण होऊन पैसे मोजले ते ‘आधी’ या एका शब्दासाठी.

मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये विंडोज १० च्या वेळी चाचणी करणाऱ्यांचा कार्यक्रम सुरू केला, त्याचं नाव ‘इनसायडर’. म्हणजे आतला माणूस, आपल्या भाषेत घरचाच. आपल्याकडे पंगतीत ‘तू काय बाबा घरचाच’ असं म्हटलं की समजायचं, आपल्याला शेवटी बसायचंय आणि आधी वाढायचंय. इथेही साधारण तेच होतं. याच कार्यक्रमात २०२३ मध्ये सगळ्यात कच्च्या आवृत्त्यांसाठी ‘कॅनरी’ नावाचा वेगळा प्रवाह आला. कॅनरी हा पिवळा पक्षी; कोळशाच्या खाणीत विषारी वायू आहे का हे कळावं म्हणून त्याला पिंजऱ्यात घालून खाली नेत. तो मान टाकू लागला की माणसं बाहेर पळत. वापरणाऱ्याची नेमकी जागा सांगणारं इतकं प्रामाणिक नाव त्या धंद्यात दुसरं नसेल. (याचं भाषांतर करायच्या भानगडीत पडू नका. ‘कॅनरी’च ठेवा.)

आता मराठी शब्द. ‘आधी’ला सगळ्यात जवळचा आणि अगदी रुळलेला शब्द म्हणजे आगाऊ. आगाऊ रक्कम, आगाऊ नोंदणी, आगाऊ सूचना. ‘आगाऊ आवृत्ती’ व्याकरणात चोख बसते. अडचण तुम्हाला माहीतच आहे : ‘फार आगाऊ आहे कार्टं’. माझ्या भाच्याने मागे माझ्या फोनवर एका कंपनीची अशीच वेळेआधीची आवृत्ती हौसेने घातली. बँकेचं अ‍ॅप उघडेना, आणि चार दिवस भाजीवालीला सुटे पैसे शोधून देत होतो. आवृत्ती आणि भाचा, दोघेही दोन्ही अर्थांनी आगाऊ.

पण विनोद सोडला तरी ‘आगाऊ’ मला पटत नाही, कारण त्यात फक्त वेळ आहे. वेळेचा शब्द कसा तोकडा पडतो, ते हायकू या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमकडे बघून कळतं. बीओएस ही जुनी प्रणाली बंद पडली, तेव्हा २००१ मध्ये तिच्या चाहत्यांनी तशीच नवी घडवायला घेतली. पहिली आल्फा सप्टेंबर २००९ मध्ये आली, पहिली बीटा सप्टेंबर २०१८ मध्ये. आल्फा ते बीटा नऊ वर्षं. पाचवी बीटा सप्टेंबर २०२४ मध्ये आली. तेवीस वर्षांनंतर हातात पडणाऱ्या वस्तूला ‘आगाऊ’ किंवा ‘लवकर मिळालेली’ कोणत्या तोंडाने म्हणायचं? विंडोजचे प्रोग्राम चालावेत म्हणून १९९० च्या दशकात सुरू झालेली रिअ‍ॅक्टओएस तर अजून आल्फाच म्हणवते. ही लबाडी नव्हे. मोजकी माणसं, बरीचशी फावल्या वेळात, प्रचंड काम उपसताहेत आणि जे आहे ते खरं सांगताहेत. म्हणून तर त्यांना ‘अर्ली’ नको असतो, ‘आल्फा’ पुरतो.

म्हणजे मराठीत अवस्था सांगणारा शब्द हवा. तिथे आपण बऱ्यापैकी श्रीमंत आहोत.

पहिला अर्थातच ‘कच्चा’. हा शब्द आपण कैरी-पेरूंपुरता समजतो, पण मराठीत त्याने फार कामं केली आहेत. कच्ची पावती खोटी नसते, फक्त तिच्या जागी पक्की यायची असते. कच्च्या रस्त्यावरून गाडी जाते, हाडं मोजत का होईना. कच्चा कैदी तुरुंगात खराखुरा असतो, निकाल तेवढा लागायचा असतो. प्रत्येक ठिकाणी वस्तू चालती आहे आणि शेवटचा शब्द व्हायचा आहे. घडणीतल्या ऑपरेटिंग सिस्टीमचं याहून नेमकं वर्णन मला तरी माहीत नाही. शिवाय ‘पक्की’ ही जोडीदारीण तयारच आहे. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमची फेडोरा नावाची एक तऱ्हा आहे, तिच्या रोज बदलणाऱ्या शाखेचं नाव ‘रॉहाइड’ आहे, म्हणजे न कमावलेलं कच्चं कातडं. तेव्हा कच्चेपणाची लाज त्यांनाही वाटलेली नाही. आणि लहानपणी खेळात बाद झालं तरी ज्याचं बाद होणं मोजायचं नाही असं ‘कच्चं लिंबू’ असायचं, ते तर चाचणी आवृत्तीला फारच शोभतं : पडली, अडखळली, तरी कोणी मनावर घ्यायचं नाही.

कंपनीचं माहितीपत्रक मात्र स्वतःच्या मालाला ‘कच्ची’ छापून घेणार नाही, हे मलाही कळतं.

दुसरी शब्दसंपत्ती शेतातली. ज्वारी नुसती ‘वाढत’ नाही. आधी ती पोटरीत येते, म्हणजे कणीस पानांच्या आत फुगतं. मग निसवते, म्हणजे कणीस बाहेर पडतं. मग फुलोरा, मग दाणा चिकात येतो. दाबला तर दूध निघतं. मग ज्वारी हुरड्यात येते आणि त्यानंतर दाणा टणक होतो. एका कणसाच्या वाटचालीत इतकी नावं, आणि ती रोज वापरातली. सॉफ्टवेअरवाल्यांनी ग्रीक मुळाक्षरांत जे कोंबलं, ते सोलापूरकडच्या शेतकऱ्याने केव्हाच वेगवेगळं करून ठेवलंय.

यातला हुरडा तर अर्ली अ‍ॅक्सेसचा सख्खा भाऊ. पीक तयार व्हायला वेळ आहे, मालक मुद्दाम माणसं बोलावतो, थंडीत आगटी पेटते, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजली जातात, हातावर चोळलेला गरम हुरडा चटणी-दह्याबरोबर पुढ्यात येतो. सुरती की गुळभेंडी यावर वाद होतो. हल्ली त्याचंही तिकीट लावतात, म्हणजे अ‍ॅपलशी तेही साम्य झालं. म्हणून ‘आमची सिस्टीम सध्या हुरड्यात आहे’ हे वाक्य मी बोलताना बेधडक वापरेन. पण ‘हुरडा आवृत्ती’ असा बिल्ला लावणार नाही. हुरडा कोवळा असतो म्हणूनच गोड लागतो. टणक ज्वारीला ती चव नाही. अर्धवट प्रणाली कोणाला अर्धवटपणासाठी गोड लागत नाही. आणि हुरडा खाऊन झाल्यावर ‘कणसातल्या चुका कळवा’ असं शेतकरी सांगत नाही.

चुका कळवणं हा तर या आवृत्तीचा उद्देशच. तो ज्यात येतो तो शब्द म्हणजे ‘चाचणी’. ‘चाचणी आवृत्ती’ म्हटलं की ती का दिली, घेणाऱ्याने काय करायचं, घरातल्या एकुलत्या एक संगणकावर ती घालावी की नाही, हे सगळं एका शब्दात कळतं. शब्द साधा आहे, शाळेतल्या पोरालाही माहीत आहे (घटक चाचणीमुळे जरा जास्तच). नाटकवाल्यांची ‘रंगीत तालीम’ही मला मोहात पाडते : कपडेपट, प्रकाश, संगीत सगळं खरं, समोर मोजकी जाणती माणसं, आणि शुभारंभाच्या प्रयोगाआधी चुका पकडायची शेवटची संधी. आमंत्रितांपुरत्या बीटाला ती चपखल आहे. मात्र हजारो अनोळखी लोकांनी उतरवून घेतलेल्या गोष्टीला तालीम म्हणवत नाही.

जाता जाता दोन शेजारशब्द, कारण तुमच्या पत्रकात ते येतीलच.

‘रिलीज कँडिडेट’ म्हणजे चूक सापडली नाही तर पक्की ठरणारी आवृत्ती. तिचं ‘प्रकाशन उमेदवार’ असं शब्दशः केलेलं दिसलं की आपण हसतो, निवडणूक आठवते. पण ‘उमेदवार’ला घाईने टाकू नका. मराठीत उमेदवारी निवडणुकीबाहेरही केली जाते. मोठ्या वकिलाच्या हाताखाली कोर्टात, एखाद्या कचेरीत, पुढे नेमणूक होईल या उमेदीवर काम शिकत राहणं म्हणजे उमेदवारी करणं. लिनक्सच्या गाभ्याचं चक्र असंच चालतं : दोन आठवडे नवे बदल आत घेतात, मग आरसी-१ (म्हणजे पहिली रिलीज कँडिडेट), मग साधारण दर रविवारी पुढची, बहुधा आरसी-७ पर्यंत, क्वचित आठवीही; नंतर नेमणूक. ‘उमेदवार आवृत्ती’ मला आवडतो. आंबेवाल्यांना विचाराल तर ते म्हणतील, ‘पाडाला आलेली’. झाडावर पिकू लागलेली, उतरवायला तयार. तोही सुंदर, पण शहरात समजावून सांगावा लागेल.

दुसरा ‘स्टेबल’. याला ‘स्थिर’ म्हणतात, आणि बऱ्याच जणांना ते भाषांतरी वाटतं. डेबियन या लिनक्सपुरतं तरी ते अगदी बरोबर आहे. तिथे स्टेबल म्हणजे ज्यातली सॉफ्टवेअर बदलत नाहीत, फक्त दुरुस्त्या होतात; अनस्टेबल म्हणजे जिथे रोज बदल येतात. ती पडझड झालेली असेलच असं नाही. स्थिर-अस्थिर हेच तिथे सांगायचंय, ‘भक्कम’ म्हटलं तर अर्थ सरकतो. डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातल्या पात्रांची नावं असतात, आणि अस्थिर शाखेचं नाव कायमचं ‘सिड’ : शेजारचा तो खेळणी मोडणारा पोरगा. पुन्हा आगाऊच, बघा.

आकड्यांनीही अवस्था सांगता येते. लिनक्सची सुरुवात १९९१ मध्ये ०.०१ ने झाली. १९९२ मध्ये गडी ०.१२ वरून एकदम ०.९५ वर गेला, पाऊण ओलांडली, आता काय, हातभर अंतर. पूर्ण एक व्हायला मार्च १९९४ उजाडला. घराचं काम काढलेल्या कोणालाही हे ऐकून नवल वाटणार नाही.

आता लिंग. ‘बीटा आवृत्ती आली’ आणि ‘बीटा व्हर्जन आलं’ यात वाद नाही, मागच्या नामाचं लिंग लागतं. नुसता ‘बीटा’ मात्र मी तिन्ही तऱ्हांनी ऐकला आहे. माझं मत ‘बीटा आला’. आकारान्त परका शब्द मराठीत आला की बहुधा पुल्लिंगी होतो : कॅमेरा, सोफा, डेटा. पण पुढची गंमत अशी की कॅमेरा आणि सोफा पूर्ण घरचे झालेत, त्यांचं सामान्यरूप होतं : कॅमेऱ्यात, सोफ्यावर. डेटा रोज संपतो, तरी ‘डेट्याचा’ म्हणायला जीभ धजत नाही. आणि ‘बीट्यात चूक सापडली’ म्हटलं तर ऐकणारा कोशिंबिरीकडे बघेल. तेव्हा ‘बीटामध्ये’, ‘बीटावर’. पाहुणा अजून ओसरीवरच आहे, आत आलेला नाही.

‘विकासाधीन’ही काढून टाका. त्याने सरकारी भूखंड डोळ्यापुढे येतो. ‘घडणीतली’ म्हणा, किंवा सरळ क्रियापद वापरा. तुमच्या जागी मी असं लिहीन :

‘ही ऑपरेटिंग सिस्टीम अजून घडते आहे. पक्की आवृत्ती येण्याआधी तिच्या चाचणी आवृत्त्या तुम्हाला आत्ताच वापरायला मिळतील. चुका आढळल्या तर कळवा.’

‘आत्ताच’मध्ये त्यांचा अर्ली आला, ‘वापरायला मिळतील’मध्ये अ‍ॅक्सेस आला, ‘चाचणी’मध्ये त्यांनी गाळलेलं आलं. ग्राहक कुरकुरला आणि ‘बीटा’ हवाच म्हणाला, तर पहिल्यांदा ‘बीटा, म्हणजे चाचणी आवृत्ती’ असं लिहून पुढे नुसता बीटा चालू द्या. मुलाला मात्र पुन्हा एकदा वाचून दाखवा.