आधी झाड तेच आहे का, ते पाहा

ताई, "एकाच क्लोनच्या सहा झाडांत लाकडाची घनता एवढी वेगळी, मार्करशी काहीच जुळत नाही, आकडेमोड कुठं चुकली?" हे तुमचं वाचून पोटात गोळाच आला. (क्लोन म्हणजे एकाच निवडलेल्या झाडापासून कलमानं केलेली झाडं, मार्कर म्हणजे डीएनएवरची ओळखीची खूण.) सागावरच, आपल्या चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात, मी हेच तीन वर्षं भोगलंय.

आकडेमोड राहू द्या. पाटीवर जो क्लोन लिहिलाय, तोच उभा आहे का?

बीजबागेतला (निवडलेल्या झाडांचं बी मिळवायला लावलेल्या बागेतला) साग म्हणजे खुंटावर बांधलेलं कलम. कलम मेलं की खालचा खुंट फुटतो आणि चार-पाच वर्षांत असा वर जातो की ओळखू येत नाही. पाटी मात्र निवडलेल्या झाडाचीच. वरून नांग्या (मेलेल्या झाडांच्या रिकाम्या जागा) भरताना हाताला लागेल ते रोप लावलेलं. ज्या कार्यालयातून मी लागवडीचा नकाशा आणला (नाव घेत नाही, ओळखीची माणसं अजून तिथं आहेत), तिथं झेरॉक्सची झेरॉक्स हातात दिली. नांग्यांचं रजिस्टर मागितलं तर "उद्या या". सत्तर किलोमीटर फटफटीवर, असे पाच खेटे. रजिस्टर नव्हतंच बाप्पा! आणि मी शहाणा, त्याच नकाशावर विसंबून १८० कोअर (खोडातून काढलेल्या लाकडाच्या बारीक कांड्या) काढले, सुकवले, तोलले. मग एका मैत्रिणीनं दहा एसएसआर मार्कर (डीएनएतल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांच्या खुणा) लावून पाहिले, तर जवळपास दर चौथं झाड भलतंच निघालं.

म्हणून बोअरर (कोअर काढायचं गिरमिट) उचलायच्या आधी प्रत्येक झाडाचं पान घ्या आणि क्लोन पडताळा. उन्हाळ्यात साग उघडा असतो, तेव्हा सालीखालच्या जिवंत थराची चकती चालते. पान कोवळंच घ्या. जुन्या पानातल्या पॉलिफिनॉलनं डीएनए तपकिरी होतो. सीटॅबमध्ये (डीएनए काढायच्या द्रावणात) पीव्हीपी (पॉलिफिनॉल धरून ठेवणारी पूड) जरा सढळ हातानं घाला. कोअरचं ओलं आकारमान त्याच दिवशी मोजा. मधलं कोवळं (झाड लहान असतानाचं) लाकूड आणि बाहेरचं एकत्र करू नका, नाहीतर घनतेतला फरक वयाचाच निघेल.

आता माझं मत, पटलं तर घ्या. चाळीस क्लोनवर मॅपिंग (घनता कोणत्या मार्करशी जुळते ते शोधणं) करू नये. घनतेवर कितीतरी जनुकांचा थोडाथोडा हात असतो, आणि नमुना लहान असला की जे सापडतं त्याचा परिणाम फुगवून दिसतो. सागाचा जीनोम (पूर्ण डीएनएचा आराखडा) २०१८-१९ मध्येच आलाय, एसएनपी (डीएनएतल्या एकेका अक्षराच्या फरकाचे मार्कर) ढिगानं मिळतील. पण खात्रीची झाडं कुठून आणणार? संकर करून पिढी उभी करा म्हणणाऱ्यांनी एकदा पावसाळ्यात शिडीवर चढून सागाच्या फुलांना हातानं पराग लावून पाहावेत. फळं धरतात थोडी, गळतात फार.

मी आता संशोधनात नाही, वावर पाहतो. तुमच्या गाईडचं वेगळं म्हणणं असेल तर त्यांचंच ऐका. फक्त आज एक करा: नकाशाच्या कोपऱ्यात तो कोणत्या साली काढला ते पाहा. माझ्या नकाशावर तारीखच नव्हती.