तूं कोणालो? परदेशात गेल्यावर वाढणाऱ्या रागाबद्दल

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली की माझी समुपदेशनाची डायरी भरते, हे आता ठरलेलंच आहे. गल्फातले लोक पंधरा-वीस दिवसांच्या रजेवर घरी येतात, गणपतीवर रानफळांची माटोळी बांधतात, आरत्या म्हणतात, गणपती पोचवून झाले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एखाद्या घरातून फोन येतो. बहुतेक वेळा बायकोचा, कधी आईचा. "मॅडम, हे तिथं गेल्यापासून फार चिडायला लागलेत." कधी तो माणूस स्वतःच विचारतो, जरा दबक्या आवाजात, की तिथं ट्रॅफिकमध्ये किंवा सरकारी काउंटरवर एवढ्यातेवढ्यावरून डोकं फिरतं, मी आधी असा नव्हतो, मला काय झालंय? कुवेत, मस्कत, दुबई, आता जर्मनी आणि लंडनवालेसुद्धा. दरवर्षी इतक्या जणांकडून हेच ऐकते की एकदा नीट लिहावं म्हटलं, आणि एका गृहस्थाने परवानगी दिली म्हणून त्याचीच गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत. बोलणं सगळं कोकणीत झालं, इथं मराठीत लिहितेय.

तो गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला, वय चाळिशीच्या आत. घरचे दोन ट्रक होते. खाणी चालू होत्या तेव्हा खनिज भरायचं, जेटीवर ओतायचं, तिथून ते बार्जने मांडवीतून मुरगावला जायचं, आणि ह्या धंद्यावर घर उभं होतं. २०१२ ला खाणी थांबल्या, मधे थोड्या चालल्या, आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या तेव्हा दोन्ही ट्रक अंगणात उभे राहिले. एक विकला, दुसऱ्याच्या चाकांवर वेली चढल्या आणि हा दुबईला एका कंपनीत ट्रान्सपोर्ट सुपरवायझर म्हणून गेला.

पहिल्या दिवशी नवरा-बायको दोघं आले. तो गप्प. बायको म्हणाली, "परवाचं सांगा ना मॅडमना." तो काही बोलेना म्हणून तिनेच सांगितलं. फोंड्याच्या बाजारात एका स्कूटरवाल्याने मधे गाडी घातली, तर हा गाडी तशीच रस्त्यात सोडून खाली उतरला आणि त्याची कॉलर धरली. मुलगी मागच्या सीटवर होती. ती रात्री जेवली नाही.

ह्याआधी त्याने एकाकडे सल्ला घेतला होता, तिथं दीर्घ श्वास आणि उलटे आकडे मोजायला सांगितलं होतं. ते वाईट नाही, मीही कधी कधी सांगते. पण माझी बघण्याची रीत वेगळी आहे. माणसाला मी कधी सुटा बघत नाही. त्याच्यामागे घर असतं, वाडा म्हणजे गावातली वस्ती असते, देऊळ असतं, आणि राग आला की तो ह्यातल्या कुठल्या धाग्याला हिसका बसल्यामुळे आला हे शोधायचं, बाकी सगळं नंतर. इतक्या वर्षांत ह्या रीतीने मला क्वचितच तोंडघशी पाडलंय.

मी विचारलं, "तिथं सगळ्यात जास्त राग कधी येतो?"

"रोज. भाडं कमी म्हणून शारजात राहतो, नोकरी दुबईत. अल इत्तिहाद रोड. सकाळी एवढंसं अंतर कापायला दीड तास, कधी दोन. वर सालिकचा टोल, गर्दीच्या वेळी सहा दिरहम, आणि वेग पकडणारे रडार तर आहेतच."

"ट्रॅफिक तर आपल्याकडेही असतो."

"इथं असतो, पण इथं मला कोणी गाडी शिकवत नाही."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. मग लायसनचा विषय निघाला. आपलं लायसन तिथं थेट चालत नाही, परीक्षा द्यावी लागते. हा खनिजाने भरलेला ट्रक पावसाळ्यात खाणीच्या चढावरून काढणारा माणूस, आणि तिथं पाच वेळा नापास झाला. एकदा आरसा बघितला नाही म्हणून, एकदा लेन बदलताना मान वळवली नाही म्हणून. प्रत्येक वेळी पुन्हा क्लास, पुन्हा फी. सहाव्या वेळी पास झाला.

"पास झालात तेव्हा कोणाला फोन केला?"

"कोणालाच नाही. काय सांगू, सोळा वर्षं ट्रक चालवून आता मला गाडी येते म्हणून?"

दुसऱ्या बैठकीला तो एकटा आला. मी म्हटलं, आज एकच दिवस सांगा, पण मिनिटामिनिटाने सांगा. त्याने पाकिटातून एक चिठ्ठी काढली, टोकनची. शाई पार उडाली होती, नंबर दिसतसुद्धा नव्हता, आणि ती त्याने चौघडी करून जपून ठेवली होती. नंबर त्याला पाठ होता. बायको-मुलीला तिकडे नेण्यासाठी फॅमिली व्हिसाचे कागद घेऊन तो तिसऱ्यांदा गेला होता तो दिवस.

इथं थोडं समजावून सांगायला हवं, कारण ह्या फेऱ्यात आपले बरेच लोक अडकतात. यूएईला बायकोला न्यायचं तर पगाराची अट आहे, महिना चार हजार दिरहम, किंवा कंपनीचं घर असेल तर तीन हजार. आणि लग्नाचा दाखला अटेस्ट केलेला लागतो. पोर्तुगालला अपोस्टिल, म्हणजे बऱ्याच देशांत मान्य असलेला एकच शिक्का, चालतं, यूएईला चालत नाही, म्हणून आधी राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग यूएईच्या दूतावासाचा आणि शेवटी तिकडे गेल्यावर त्यांच्या मंत्रालयाचा. हे सगळं त्याने केलं होतं. पण गोव्यात आपल्या आडनावांचं काय होतं तुम्हाला माहितीच आहे. जुन्या नोंदी पोर्तुगीज वळणाच्या, नाईकच्या शेवटी क्यू-यू-ई, प्रभूचं पोरोबो, शेणवीचं सिनाय. ह्याचं आडनाव मी सांगत नाही, पण प्रकार तोच. जन्मदाखल्यावर आजोबांच्या वेळचं स्पेलिंग, ते बघून सिव्हिल रजिस्ट्रारकडे लग्नाच्या दोन सह्या झाल्या, त्यामुळे लग्नाच्या दाखल्यावरही तेच. पासपोर्टवर मात्र शाळेतलं.

"काउंटरवरच्या पोराने दोन्ही कागद बाजूबाजूला ठेवले," तो म्हणाला. "वयाने माझ्याहून लहान. बोट ठेवून म्हणाला, हा माणूस वेगळा, हा माणूस वेगळा. मी म्हटलं, अरे मीच तो. त्याने वरसुद्धा बघितलं नाही, पुढचा नंबर दाबला."

"मग?"

"मग पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसलो. स्टिअरिंगवर मुठी मारल्या. हॉर्न वाजला म्हणून थांबलो."

मी विचारलं, "हेच जर डिचोलीच्या मामलेदार कचेरीत झालं असतं तर?"

तो लगेच म्हणाला, "इथं झालंच नसतं. इथं दारातच कोणीतरी विचारतो, तूं कोणालो रे? बापाचं नाव सांगितलं की खुर्ची सरकवतात. काम होवो न होवो, खुर्ची मिळते."

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, तूं कोणालो म्हणजे तू कोणाचा. लहानपणापासून आपण हे ऐकत वाढतो. दुकानात, देवळात, फेरीबोटीत, म्हातारी माणसं हनुवटी धरून विचारतात. उत्तरात आजोबांचं नाव असतं, वाड्याचं नाव असतं, आणि ते ऐकलं की समोरच्याचा चेहरा उजळतो.

मी फक्त एवढंच म्हटलं, "म्हणजे तिथं तुम्हाला कोणी विचारतच नाही, तूं कोणालो."

तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. मी काही बोलले नाही. नवीन समुपदेशक अशा वेळी घाईने पाण्याचा ग्लास पुढे करतात, मी करत नाही. मग त्याचा चेहरा हळूहळू मोडला आणि तो रडला, चांगला पाच-सात मिनिटं, लहान पोराने रडावं तसा. डोळे पुसून म्हणाला, "मॅडम, माझा बाप वारला तेव्हा तीन गावचे लोक आले होते. आणि तिथं मी कागदावरसुद्धा मी नाही."

त्या क्षणी मला स्वतःलाही काहीतरी लख्ख दिसलं. मराठीत ओळख हा शब्द आपण किती सहज वापरतो. ऑफिसात ओळख आहे का म्हणजे काम करून देणारं कोणी आहे का, आणि स्वतःची ओळख म्हणजे मी कोण. आपल्याकडे ह्या दोन गोष्टी वेगळ्या नसतातच. परदेशात पहिली ओळख विमानतळावरच सुटते आणि मग दुसरीलाही तडे जायला लागतात. राग ट्रॅफिकचा नसतो, रांगेचा नसतो. रांगेत तर आपण इथंही तासन् तास उभे राहतो, शेजारच्याशी गप्पा मारत. तिथं उभा असतो तो कोणाचाच नसलेला माणूस, आणि तोच चिडतो. ह्याआधी कितीतरी लोकांचं ऐकलं होतं, पण ते इतकं स्वच्छ मला त्या दिवशी कळलं, आणि तेव्हापासून माझं काम सोपं झालंय.

तिसऱ्या बैठकीत आणखी एक गोष्ट निघाली, ती मला त्याहून मोलाची वाटते. मी स्कूटरवाल्याबद्दल विचारलं. कॉलर धरल्यावर काय बोललात? त्याला सांगायला वेळ लागला. "त्याची नंबरप्लेट कर्नाटकची होती. मी म्हटलं, तुझ्या गावाला परत जा." थोडं थांबून म्हणाला, "तो काहीच बोलला नाही मॅडम. नुसती मान खाली घातली. मी पण तिथं तशीच घालतो."

हे मी त्याला दाखवलं नव्हतं, त्याचं त्याने बघितलं. असं जेव्हा होतं तेव्हा मला ह्या कामाचं समाधान वाटतं.

आता मी काय सांगितलं ते, कारण तुम्हाला तेच हवं असतं. पहिलं म्हणजे कागदाचं भांडण कागद जिथं बनला तिथं सोडवा. काउंटरवरच्या पोराला स्पेलिंग बदलायचा अधिकार नाही, त्याच्याशी भांडून उपयोग शून्य. आम्ही उरलेल्या रजेतले दोन दिवस त्यासाठीच ठेवले, वकिलाकडे जाऊन एकच व्यक्ती असल्याचं अ‍ॅफिडेव्हिट केलं, रजिस्ट्रारकडे दुरुस्तीचा अर्ज टाकला. इथं त्याची ओळख होती, इथं ती कामाला आली. परदेशी जायच्या आधीच सगळे दाखले एका टेबलावर मांडून आडनाव अक्षर-अक्षर ताडून बघा, हे मी आता प्रत्येक घराला सांगते. आणि तिकडे सरकारी कामाला जेवणाच्या सुटीत पळत जायचं नाही. पूर्ण दिवसाची रजा टाकायची, म्हणजे उशीर झाला तरी कोणी तुमचा दिवस चोरल्यासारखं वाटत नाही.

दुसरं, तिथं ओळखी करा. कामाच्या नव्हे, नुसत्या. तो रोज ज्या कॅफेटेरियातून करक चहा घ्यायचा त्या मलबारी पोराचं नाव त्याला तीन वर्षांत माहीत नव्हतं. टायपिंग सेंटरमध्ये जो माणूस त्याचे अरबी फॉर्म भरायचा, त्याचंही नाही. मी म्हटलं, तुम्हाला कोणी विचारत नाही ना, तर तुम्ही विचारायला सुरुवात करा. तुझं गाव कुठलं, घरी कोण असतं. त्याला हे फार पोरकट वाटलं, तरी त्याने केलं.

रस्त्यावरचं मात्र कडक शब्दांत सांगितलं. यूएईत रस्त्यावर शिवी देणं किंवा बोटाने घाणेरडी खूण करणं हा गुन्हा आहे, त्यावरून तुरुंग होऊ शकतो, परत पाठवू शकतात, फोनवर शिवी लिहून पाठवली तरीसुद्धा. फोंड्यात कॉलर धरून सुटलात, तिथं सुटणार नाही. ऑफिसातून गर्दीच्या वेळीच का निघायचं? टोलची गर्दीची वेळ रात्री आठला संपते. तोपर्यंत तिथंच जवळपास चाला, जेवा, मग निघा. आणि ट्रॅफिकमध्ये अडकलेले असताना घरी फोन नको, त्यात निम्मी भांडणं होतात.

बायकोशीही वेगळं बोलले. ती प्रेमानेच म्हणायची, एवढा त्रास आहे तर या परत. पण त्याच्या कानाला ते ऐकू यायचं, तुम्हाला जमत नाही. तिला म्हटलं, तू उपाय सांगू नको, नुसतं विचार, आज काय झालं, आणि शेवटपर्यंत ऐक. मुलीसमोर त्या दिवसाची माफी त्याने स्वतःहून मागितली.

झोप महिनोन् महिने उडाली असेल, दारू वाढली असेल, हात उचलला जात असेल, तर नुसत्या अशा बोलण्यावर थांबू नका, डॉक्टरला भेटा. नोकरीचा किंवा कागदाचा प्रश्न हाताबाहेर गेला तर दुबईला आपल्या वकिलातीचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, तिथं बोलता येतं. लाज वाटून घेऊ नका.

तो परत गेल्यावर आम्ही बोटिम ह्या अ‍ॅपवर बोलत राहिलो, व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल तिथं लागत नाहीत म्हणून. दुरुस्तीला बरेच महिने लागले. मधे एकदा पुन्हा परत पाठवलं, तेव्हा त्याने मला काउंटरवरच्या बाईचं नाव सांगितलं, छातीवरची पट्टी वाचून घेतलं होतं म्हणे. शेवटी शिक्का पडला आणि बायको-मुलगी गेल्या. चहावाल्या पोराच्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा त्याने ह्यालाही पत्रिका दिली, ती त्याने मला कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली, मल्याळममधली, एक अक्षर वाचता येत नव्हतं.

गेल्या महिन्यात फोन आला तेव्हा मी विचारलं, इत्तिहाद रोड कसा आहे?

"तसाच. आज पण एकाने मधे घातली. हॉर्न मारला मॅडम, जोरात मारला. पण काच खाली नाही केली."